मालिका लिहू पाहणाऱ्यांनी आधी हिशेब शिकावा

पटकथालेखनाच्या कार्यशाळेत नाव घालणाऱ्या बहुतेकांच्या वहीत पहिल्या दिवशी तीच दोन-तीन शीर्षकं लिहिली जातात: तीन अंकांची रचना, व्यक्तिरेखेचा आलेख, संघर्ष. हे सगळं शिकावंच. पण दूरचित्रवाणीसाठी लिहायचं असेल तर त्या वहीत आणखी एक शीर्षक हवं, आणि ते सहसा नसतं. लिहिलेला प्रसंग चित्रित व्हायला किती माणसं लागतील, किती वेळ लागेल, किती पैसे लागतील, आणि यातलं काही कमी पडलं तर प्रसंगातलं काय सोडून चालेल आणि काय सोडून चालणार नाही? हा प्रश्न निर्मात्याचा आहे, लेखकाचा नाही, असं समजून नवे लेखक तो टाळतात. माझं म्हणणं उलट आहे. मालिकेच्या लेखकाला आपल्या गोष्टीचा गाभा खऱ्या अर्थानं सापडतो तो याच प्रश्नाला तोंड देताना. त्यामुळे मालिका लिहायला शिकायची असेल तर निर्मितीची बाजू समजून घ्यावी, आणि शिकवणारा निवडताना त्यानं ती बाजू स्वतः सांभाळली आहे का, हे पाहावं. या म्हणण्याला आधार म्हणून एका अमेरिकन माणसाची कारकीर्द तपासून पाहू. त्यानं रेडिओपासून सुरुवात केली, दूरचित्रवाणीवर लिहिलं, निर्मिती केली आणि मग विद्यापीठात पटकथा शिकवली. त्याचं नाव विल्यम फ्रूग.

फ्रूग यांचा जन्म 1922 चा. मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेचं शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात नौदलात नोकरी, आणि त्यानंतर लेखन. सीबीएस रेडिओत ते निर्माते म्हणून वर चढले तेव्हा अमेरिकेतला रेडिओ उतरणीला लागला होता. श्रोता आणि जाहिरातदार दोघंही टीव्हीकडे वळले होते. त्या उतरत्या काळात सीबीएसनं 'सीबीएस रेडिओ वर्कशॉप' नावाचा प्रयोगशील कार्यक्रम सुरू केला. जानेवारी 1956 मधला त्याचा पहिला कार्यक्रम म्हणजे आल्डस हक्सली यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'चं रूपांतर. रूपांतर फ्रूग यांचं, निवेदन खुद्द हक्सली यांचं आणि संगीत बर्नार्ड हरमन यांचं. भविष्यातलं अख्खं जग उभं करायचं, पण हाताशी फक्त आवाज. चित्रपटात याच कादंबरीला सेट, वेशभूषा आणि शेकडो माणसं लागली असती. रेडिओ लेखकाला साधनांच्या टंचाईतच लिहायला लावतो, आणि टंचाई आहे म्हणून गोष्ट लहान करायची सवलत मात्र देत नाही. फ्रूग यांच्या पुढच्या कामात ही शिस्त दिसते, म्हणून रेडिओचा उल्लेख टाळता येत नाही.

टीव्हीवर आल्यावर त्यांना मान मिळवून दिला तो 'अल्कोआ-गुडइयर थिएटर' या मालिकेतल्या 'एडी' या अर्ध्या तासाच्या नाटिकेनं. प्रसारण 1958 चं. निर्माते फ्रूग, दिग्दर्शक जॅक स्माइट, आणि प्रमुख भूमिकेत मिकी रूनी. 'प्रमुख' म्हणण्यात तसा अर्थ नाही, कारण दिसतो तो एवढा एकच नट. कर्जात बुडालेला एक जुगारी, त्याची खोली आणि टेलिफोन. केन ह्यूज यांच्या मूळ ब्रिटिश एकपात्री टीव्ही नाटकावरून आल्फ्रेड ब्रेनर यांनी हे रूपांतर केलं, आणि लेखन, दिग्दर्शन, निर्मिती या तिन्ही अंगांनी ही नाटिका एमी पुरस्कारांत गाजली. नव्या लेखकानं इथे नीट थांबावं. फोनवर बोलणाऱ्या माणसाचं एकच टोक आपल्याला ऐकू येतं. पलीकडचा माणूस काय म्हणाला, हे लेखकाला अलीकडच्याच्या तोंडून सांगायचं असतं, पण 'काय म्हणतोस, तू पैसे देणार नाहीस?' असं वाक्य घातलं की प्रसंग लगेच खोटा होतो. खरा माणूस पलीकडचं वाक्य परत म्हणत नाही. तो गप्प होतो, विषय बदलतो, उगाच हसतो, आवाज चढवतो आणि लगेच उतरवतो. नकार त्या बदलातून कळला पाहिजे. प्रत्येक फोनला माणूस वेगळा, म्हणून बोलण्याची पट्टी वेगळी, म्हणून एकाच खोलीतल्या एकाच माणसाची दहा रूपं दिसतात. एक नट आणि एक खोली हा निर्मितीच्या दृष्टीनं स्वस्त मामला खराच, पण इथे तो स्वस्त म्हणून चालला नाही. मदत मागत सुटलेला माणूस शेवटी खोलीत एकटाच असतो, हा त्या गोष्टीचा आशय आहे. दुसरा नट आणून उभा केला असता तर खर्च वाढला असता आणि गोष्ट मात्र पातळ झाली असती.

दुसरा पुरावा 'द ट्वायलाइट झोन'चा. दर भागात स्वतंत्र, बहुधा कलाटणीनं संपणारी गोष्ट सांगणाऱ्या रॉड सर्लिंग यांच्या या मालिकेचे एकूण 156 भाग झाले, त्यातले 92 एकट्या सर्लिंग यांनी लिहिले. पाचव्या आणि अखेरच्या हंगामात, 1963-64 मध्ये, बर्ट ग्रॅनेट यांच्याकडून निर्मितीची सूत्रं फ्रूग यांच्याकडे आली. एका भागाचा सरासरी खर्च साधारण 65,000 डॉलर होता, आणि हंगाम संपत येताना हिशेब ताणलेला होता. अशा वेळी निर्माता सहसा काय करतो? नट कमी करतो, बाहेरचं चित्रीकरण काढून टाकतो, जुन्याच सेटवर नवं वॉलपेपर चिकटवतो. फ्रूग यांनी रोबेर एन्रिको यांचा एक फ्रेंच लघुपट पाहिला होता: अँब्रोस बिअर्स यांच्या कथेवरचा 'अॅन अकरन्स अॅट आउल क्रीक ब्रिज'. पुलावर फाशी जाणाऱ्या माणसाची ती गोष्ट. तिच्यात संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे परकी भाषा आड येत नव्हती. आणि शेवटची कलाटणी तर मालिकेच्या स्वभावाशी इतकी जुळणारी की मुद्दाम लिहून घेतल्यासारखी. कान महोत्सवात लघुपटाचा गौरव आधीच झाला होता. नेहमीच्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी पैशांत प्रसारणाचे हक्क घेतले गेले, लघुपट थोडा कापून वेळेत बसवला गेला आणि 28 फेब्रुवारी 1964 ला तो मालिकेचा भाग म्हणून दाखवला गेला. पुढे एप्रिलमध्ये त्याच लघुपटाला ऑस्कर मिळालं. पैसे वाचले ही यातली कमी महत्त्वाची बाब. आपली मालिका नेमकी कशामुळे 'आपली' आहे हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्यालाच परदेशात, परक्या चमूनं केलेल्या चित्रात तिचा एक भाग दिसू शकला. ही नजर लेखकाची, आणि ती कामाला लावली निर्मात्याच्या गरजेनं.

इथे कोणी म्हणेल की सोयीचे दोन दाखले उचलले. बरोबर आहे, म्हणून गैरसोयीचाही देतो. फ्रूग आले तेव्हा आधीच्या निर्मात्यानं विकत घेऊन ठेवलेल्या काही पटकथा त्यांनी बाजूला टाकल्या. त्यात रिचर्ड मॅथेसन यांची 'द डॉल' होती. तीच पटकथा पुढे 1986 मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' या मालिकेत आली आणि तिच्यातल्या भूमिकेसाठी जॉन लिथगो यांना एमी मिळालं. म्हणजे लेखकाचा हात असलेला निर्मातासुद्धा चांगल्या पटकथेला नाही म्हणू शकतो. यावरून काय घ्यायचं? निर्मितीचं ज्ञान म्हणजे अभिरुचीची हमी नव्हे, एवढं निश्चित घ्यावं. पण लेखकासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. पटकथा नाकारली जाणं आणि पटकथा वाईट असणं या दोन वेगळ्या घटना आहेत. माणूस बदलला, हंगाम बदलला, मालिकेचा सूर बदलला की कालपर्यंत हवीशी असलेली पटकथा आज नकोशी होते. ज्याला हे निर्मितीचं गणित ठाऊक आहे तो नकारानं खचत नाही आणि चांगल्या पटकथेची वाट लावून ती सगळ्यांना आवडेल अशीही करत बसत नाही. तो ती जपून ठेवतो. 'द डॉल'ला वीसेक वर्षं लागली.

फ्रूग यांच्या नावावर 'गिलिगन्स आयलंड' आणि 'बिविच्ड' या लोकप्रिय विनोदी मालिकाही आहेत. पहिलीत बेटावर अडकलेली सात माणसं, दुसरीत चेटकिणीचा मध्यमवर्गीय संसार. समीक्षकांनी पहिलीची मनसोक्त टिंगल केली, आणि स्वतः फ्रूग यांनी 2005 मध्ये आलेल्या आत्मकथनाचं नावच त्या बेटावरून आपण कसे निसटलो असं ठेवलं. मग अशा माणसाकडून कला काय शिकायची? मला वाटतं, पुष्कळ. ज्यानं फक्त निवडक, मानाचं काम केलं त्याला दर आठवड्याला तीच सात माणसं आणि तोच किनारा घेऊन नवा प्रसंग कसा काढायचा, हे सांगता येत नाही. मालिका लिहिणाऱ्याच्या आयुष्यातले बहुतेक दिवस 'एडी'सारखे नसतात, बेटावरचेच असतात. शिक्षकाला ते दिवस माहीत असावेत. आणि तिथून निसटावंसं वाटलेलाही असावा; नाहीतर तो विद्यार्थ्याला तिथेच रमायला शिकवेल.

सत्तरच्या दशकात फ्रूग शिकवण्याकडे वळले आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचं या क्षेत्रातलं पहिलं पुस्तक 1972 चं. ते नियमांचं पुस्तक नाही. बारा पटकथाकारांच्या त्यात सविस्तर मुलाखती आहेत. दिग्दर्शक बिली वाइल्डर यांच्यासोबत बसून लिहिणारे आय. ए. एल. डायमंड त्यात आहेत, 'द ग्रॅज्युएट'चे बक हेन्री आहेत, 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'चे नन्नली जॉन्सन आहेत, फे कॅनिन आहेत, आणि राजकीय छळापायी तुरुंगात जाऊन, अनेक वर्षं नाव लपवून लिहून, 'मॅश'साठी ऑस्कर मिळवणारे रिंग लार्डनर ज्युनिअरही आहेत. सिड फील्ड यांचं पटकथेच्या रचनेवरचं गाजलेलं पुस्तक यानंतर सात वर्षांनी, 1979 मध्ये आलं, आणि मग जगभर पान क्रमांक मोजून कलाटण्या शिकवायची लाट आली. मराठी कार्यशाळांतही ती पोचली आहे. फील्ड यांचा आराखडा निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. तयार पटकथा तपासायला तो बरा. पण या बारा माणसांच्या कारकिर्दी शेजारी-शेजारी ठेवल्या की एकाच आराखड्यावरचा विश्वास डळमळतो. कोणी जोडीनं लिहिलं, कोणी एकट्यानं. कोणी स्टुडिओच्या पगारावर, कोणी टोपणनावानं. अभ्यासक्रम निवडताना ही कसोटी लावून पाहा: शिकवणारा फक्त आराखडा देतो, की प्रत्यक्ष पटकथा, तिचे बदललेले खर्डे आणि बदल का करावे लागले त्याची कारणं समोर ठेवतो? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेत प्रवेश घ्या किंवा शनिवार-रविवारची कार्यशाळा करा, प्रश्न तोच राहतो. 'ज्याला जमत नाही तो शिकवतो' हा टोमणा फ्रूग यांना लागू पडत नाही, सर्लिंग यांनाही नाही. तेही अखेरच्या वर्षांत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका कॉलेजात शिकवत होते. पण टोमण्यात तथ्य अजिबात नाही, असं नाही. म्हणूनच शिकवणाऱ्याच्या नावावरच्या श्रेयनामावल्या वाचाव्यात. त्यात काही गैर नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. साठच्या दशकातली अमेरिकन मालिका आठवड्यातून एकदा येणारी, लेखक-निर्मात्याला तिथे अधिकार होता. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वर वाहिनीची क्रिएटिव्ह मंडळी आणि दर आठवड्याचा टीआरपी. आगाऊ चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपलेली, रात्री उशिरा पटकथा आली, सकाळी सेटवर संवाद हवेत. अशा संवादलेखकानं निर्मितीचं गणित शिकून करायचं काय, ठरवणारा तो थोडाच आहे? आक्षेप खरा आहे. पण ज्याच्या हाती अधिकार नाही त्यालाच या गणिताची जास्त गरज असते, असं मला दिसतं. एक प्रसंग घेऊ. लग्नघर आहे, दिवाणखान्यात चौदा माणसं, आणि वरपक्षानं ऐनवेळी पैशांची मागणी केल्याची बातमी येते. पटकथेत एवढंच. आता चौदा जणांना निदान एकेक वाक्य, शिवाय प्रत्येकाची रिअॅक्शन. त्यात दोन नटांच्या डेट्स नाहीत, असं सकाळी कळतं. गणित न कळणारा लेखक त्या दोघांची वाक्यं उरलेल्यांना वाटून देतो आणि प्रसंग आणखी सैल होतो. गणित कळणारा विचारतो: या बातमीचा घाव कोणाला बसतो? नवरीला, आणि जिनं या लग्नासाठी शब्द टाकला त्या आत्याला. मग दोघींना माजघरात नेऊ. त्या रुखवत मांडताहेत. बाहेरून नुसता गलका ऐकू येतो. भाऊ दारात येतो, अर्धं वाक्य बोलतो आणि थांबतो. आत्या 'बरं' म्हणते, हातातला लाडू ताटात ठेवते, आणि मग मांडलेले लाडू एकेक करून परत डब्यात भरायला लागते. नवरी पाहत राहते. कोणी रडत नाही. तीन नट, एक कोपरा, दिवसाचे दोन तास वाचले, आणि सबंध आठवड्यात प्रेक्षकाच्या लक्षात राहील असा प्रसंग मिळाला. हा बदल घेऊन संवादलेखक पटकथाकाराला फोन करू शकतो, दिग्दर्शकाशी बोलू शकतो, आणि त्याचं ऐकलं जातं, कारण तो अडचणीऐवजी उत्तर घेऊन आलेला असतो. अधिकार मागून मिळत नाही तिथे तो बहुधा असाच मिळतो.

यावर आणखी एक शंका येतेच: सतत खर्च मोजत लिहिलं तर कल्पनाशक्ती आखडणार नाही का? मोजण्याची वेळ चुकली तर नक्की आखडेल. पहिला खर्डा लिहिताना कॅल्क्युलेटर दूर ठेवावा. त्यात समुद्र येऊ द्या, जत्रा येऊ द्या, पाऊस पडू द्या. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी प्रत्येक प्रसंगाच्या समासात चारच गोष्टी टिपा: बोलणारी माणसं किती, नुसती दिसणारी किती, जागा कोणती, दिवस की रात्र. मग ज्या प्रसंगाचा आकडा मोठा दिसेल त्याला विचारा, तू एवढा का? काही प्रसंग उत्तर देतात. जत्रेत हरवलेल्या मुलाच्या गोष्टीत जत्रा लागतेच, आणि तिच्यासाठी लेखकानं भांडावं. भांडताना त्याच्या हाती मुद्दा असतो, कारण बाकीचे दहा प्रसंग त्यानं आधीच हलके केलेले असतात. ज्या प्रसंगाला उत्तर देता येत नाही तो बहुतेक वेळा महागडा असतो तसाच कंटाळवाणाही असतो. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, लेखकानं निवड केलेली नसते.

हिशेबात हक्कांचाही हिशेब येतो, आणि इथे नवे लेखक सर्वांत बेसावध असतात. 'आउल क्रीक ब्रिज'चे हक्क फक्त दोन प्रसारणांपुरते घेतले होते; त्यामुळे मालिकेचे भाग पुढे पुन:प्रसारणासाठी विकले गेले तेव्हा तो भाग त्या संचात नव्हता. एका कलमानं एवढा फरक पडतो. सर्लिंग यांनी तर मालिकेतला आपला वाटा सीबीएसला विकून टाकला, आणि नंतर वर्षानुवर्षं चाललेल्या पुन:प्रसारणांची कमाई वाहिनीची झाली. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनं चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत वाटा ठेवला आहे, आणि हा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कोणाला देऊन टाकता येत नाही. हक्क देताना करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच बहुतेक करारांत 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द आवर्जून असतात. ते वाचून मगच सही करा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या, पटकथा कोणाला ऐकवण्याआधी तिथे नोंदवा, आणि श्रेयनामावलीत नाव कुठे आणि कसं येणार हे करारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर विसंबून राहणं हा मराठी लेखकांचा जुना स्वभाव आहे, आणि तो महागात पडत आला आहे.

राहिला प्रश्न सुरुवात कुठून करायची. रोज पाहत असलेल्या मालिकेचा एक भाग निवडा. जाहिराती वजा जाता तो 20-22 मिनिटांचा असेल. वही घेऊन बसा आणि प्रत्येक प्रसंगापुढे माणसं, जागा आणि दिवस-रात्र लिहा. मग त्यातला सर्वांत गर्दीचा प्रसंग तीन माणसांत, एका खोलीत पुन्हा लिहून पाहा. एकही माहिती गळता कामा नये. जमला नाही तर तो प्रसंग गर्दीचाच होता असं समजा आणि दुसरा घ्या. ओळखीचा एखादा सहायक दिग्दर्शक असेल तर परवानगी घेऊन एक दिवस सेटवर बसा, कॉलशीट, म्हणजे त्या दिवसाच्या चित्रीकरणाचा तक्ता, मागून वाचा, आणि पटकथेतली कोणती ओळ कोणत्या कारणानं बदलली याची नोंद ठेवा. शिकवणी लावायचीच असेल, तर फी भरण्याआधी शिक्षकाला तुमचा हा पुन्हा लिहिलेला प्रसंग दाखवा. तो आधी काय विचारतो, ते ऐका, आणि मग फी भरायची की नाही ते ठरवा.